बंदुकीच्या दारूची निवड

जालना जिल्ह्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व इंग्रज यांच्या तोफांनीं रणभूमि धुरानें झांकली. ती काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची होती. पुढें १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यांनीं निर्धूम दारू सिद्ध केली. उडत्या तबकड्यांवर नेम धरणारे खेळाडू आज तीच वापरतात. परंतु तिच्याही जाती आहेत. त्यांच्या स्पर्धेच्या काडतुसांत छरे अवघे २४ ग्रॅम. एवढ्या हलक्या भारामागें मंद दारू पुरती जळत नाहीं, म्हणून शीघ्र जळणारी घेतात. तीच जड भारामागें घातल्यास दाब भलताच चढून नळी फुटण्याचा संभव असतो. काळ्या दारूच्या मापानें निर्धूम दारू भरणें म्हणजे तर हात गमावणेंच. यास्तव परवानाधारकानें कारखान्याचें कोष्टक व तराजू यांवरच विसंबावें. येथें अंदाज हा वैरी होय.