दुसऱ्या टोकाला कुणी आहे का?

तर पोरांनो, ही गोष्ट १९५० सालची. अमेरिकेत लॉस अलामोस म्हणून एक ठिकाण आहे. पहिला अणुबॉम्ब तिथेच तयार झाला. तिथे चार शास्त्रज्ञ दुपारचे जेवत बसले होते, त्यांतला एक एनरिको फर्मी. जेवायला येताना वाटेत उडत्या तबकड्यांवरून थट्टामस्करी झाली होती, मग विषय भलतीकडेच गेला. आणि मध्येच फर्मी म्हणाला, “पण मग आहेत कुठे सगळे?” कुणाबद्दल विचारतोय हे बाकीच्यांना लगेच कळलं आणि ते खो-खो हसले.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत. त्यांतले कितीतरी आपल्या सूर्यापेक्षा वयाने मोठे. तिथल्या कुणाला आपल्या आधी दहा-वीस लाख वर्षं जरी मिळाली असतील, तरी एव्हाना त्यांची काहीतरी खूण दिसायला हवी होती.

“नसतीलच कुणी,” असं आमची धाकटी म्हणते. असूही शकेल बाई. पृथ्वीवर जीव येऊन साडेतीन अब्ज वर्षं झाली, आणि त्यातला बहुतेक काळ इथे नुसते एकपेशीय जीव होते. रेडिओ बनवणारा प्राणी एवढ्या वर्षांत एकच निपजला. पण “कुणी नाही” म्हणायच्या आधी आपण ऐकलंय किती, तेही पाहायला नको का?

पहिल्यांदा कान लावला तो खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने, १९६० साली, अमेरिकेतल्या ग्रीन बँक या ठिकाणच्या २६ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीने. आता आकाश एवढं मोठं, ऐकायचं कुठे? त्याने सूर्यासारखे दोन जवळचे तारे निवडले. आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं? विश्वात सगळ्यात जास्त आहे हायड्रोजन, आणि तो १४२० मेगाहर्ट्झला रेडिओलहरी सोडतो. जिथे कुठे शास्त्रज्ञ असतील तिथे त्यांना हा आकडा माहीत असणारच, असा हिशेब. हिशेब झकास होता. एकदा जोरदार ठोके ऐकू आले तेव्हा सगळे उडालेच. पण ते इथलेच निघाले, पृथ्वीवरचे.

असं पुढेही होत राहिलं. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी अचूक येणारा ठोका सापडला. गंमत म्हणून त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव पडलं. तो निघाला पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा. शोध प्रचंड मोठा. नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. मला हे अजून खटकतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सची गोष्ट आणखी मजेशीर. तिथल्या दुर्बिणीत कित्येक वर्षं अधूनमधून एक विचित्र चमक यायची. २०१५ मध्ये छडा लागला. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच कुणीतरी घाईने दार उघडत होतं!

एकच हाक अशी आहे की तिचा उलगडा अजून सर्वांना पटेल असा झालेला नाही. १५ ऑगस्ट १९७७, ओहायोमधली ‘बिग इअर’ दुर्बीण. ७२ सेकंद जोरदार लहर आली. जेरी एहमन यांनी कागदावर त्या आकड्यांभोवती लाल शाईने गोल काढून शेजारी ‘वॉव!’ लिहिलं. बहात्तरच सेकंद का? ती दुर्बीण वळत नव्हती. पृथ्वी फिरेल तसं आकाश तिच्यासमोरून सरकायचं, आणि एक जागा तेवढाच वेळ समोर असायची. पुढे तिथेच पुन्हा पुन्हा ऐकलं, पण काही आलं नाही.

आता आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची गोष्ट ऐका. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेल्ली हे छोटं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण आवाज सतरा कोटी किलोमीटरांवरून खोडदला ऐकू आला! उतरायच्या ऐन वेळी तो थांबला, यान आदळलं. पण आवाज मिळाला कसा? कुठे, केव्हा आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचं, हे तिन्ही आधीच ठाऊक होतं म्हणून. परग्रहवासीयांच्या बाबतीत आपल्याला यातलं एकही ठाऊक नाही.

त्यातलं ‘केव्हा’ सगळ्यात अवघड. आपल्याकडे रेडिओ येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली. हजार प्रकाशवर्षांवरून आज कुणी आपल्याकडे पाहत असेल, तर त्याला ज्ञानेश्वरांच्याही आधीची पृथ्वी दिसत असेल, मुकी. आपण बोलायला लागलो हे त्याला कळायला अजून शेकडो वर्षं जायची आहेत. आणि आकाशगंगा आहे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. त्यांचं बोलणं आपण ऐकायला लागण्याआधीच संपलेलं असू शकतं, किंवा अजून वाटेत असू शकतं.

जिल टार्टर यांनी उभं आयुष्य या शोधात घातलं. त्या म्हणायच्या, समुद्रातलं पेलाभर पाणी घ्यायचं आणि त्यात मासा दिसला नाही म्हणून समुद्रात मासेच नाहीत म्हणायचं, तसं हे चाललंय. पुढे २०१८ मध्ये जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी हिशेब नव्याने मांडला. पेला जरा मोठा झाला होता: सगळ्या समुद्रांच्या पाण्यापैकी साधारण ७,७०० लिटर. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या मोठ्या टँकरमध्ये याहून जास्त पाणी असतं.

माझं विचाराल तर, कुणीतरी असावं असं मला वाटतं. पण ते माझं वाटणं झालं, पुरावा नव्हे. आणि घाई कशाला? १६ नोव्हेंबर १९७४ ला आपणही अरेसिबोच्या दुर्बिणीतून एक निरोप धाडलाय, एम-१३ या तारकागुच्छाच्या दिशेने. तीन मिनिटांपेक्षा कमी वेळाचा. तो तिथे पोहोचायला साधारण पंचवीस हजार वर्षं लागतील, आणि उत्तर आलंच तर ते यायला आणखी तेवढीच.