मोपेड का अडते?

आपल्या गावाकडे मोपेड ही काही आता नवलाची वस्तू नाही. 1972 साली लुना आली. 1980 साली टीव्हीएस पन्नास आली. तेव्हापासून दुधाचे कॅन, भाजीची पोती, पेंडीच्या गोण्या असे कितीतरी ओझे या लहानशा गाडीने वाहिले आहे.

पण एखाद्या सकाळी ती अडून बसते. डेअरीची वेळ टळत असते. दूध नासायला कितीसा वेळ लागतो? माणूस चिडतो. पेडलवर पेडल मारतो. घाम निघतो, पण गाडी निघत नाही. मग ती ढकलत गॅरेजवर न्यायची. तिथे कळते की पेट्रोलचा कॉकच बंद होता! अशी पायपीट होऊ नये, म्हणून आम्ही हा पाठ लिहिला आहे.

तीन गोष्टी

चूल पेटायला काय लागते? लाकूड लागते, वारा लागतो आणि काडी लागते. यांतले एक नसले तरी चूल पेटत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्याला पेट्रोल लागते, वारा लागतो आणि ठिणगी लागते. ठिणगी पाडायचे काम प्लग करतो.

गाडी अडली की या तिन्हींपैकी काय कमी आहे ते शोधावे. एका वेळी एकच गोष्ट पाहावी. सगळे एकदम उघडले, तर दोष कुठे होता ते कळतच नाही.

एक गोष्ट मात्र आधी सांगतो. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण ती भडकन पेटते. म्हणून बिडी विझवा. गाडी उघड्यावर घ्या. इंजिन निवू द्या. मुलांना दूर ठेवा.

पेट्रोल पोचते का?

टाकीत पेट्रोल आहे का, ते पाहा. कॉक उघडा आहे का, तेही पाहा. पेट्रोल थोडे असेल तर कॉक रिझर्व्हवर करा.

आता कार्बुरेटरकडची नळी काढा आणि काचेच्या बाटलीत धरा. कॉक उघडल्यावर धार आली पाहिजे. धार येत नसेल तर कॉकमध्ये किंवा नळीत कचरा असेल. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी समजा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट लावा, आणि पेट्रोल महिनोन्‌महिने साठवू नका.

काही वेळा गाडी सुरू होते, मैलभर जाते आणि बंद पडते. थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. असं झालं तर टाकीचे झाकण बघा. त्याला एक बारीक भोक असते. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, नाही का? एका भोकातून वारा आत जातो, तेव्हा दुसऱ्यातून तेल उतरते. इथेही तसेच आहे. झाकणाचे भोक मातीने बुजले की पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालली, तर दोष सापडला.

प्लग काय सांगतो?

पेट्रोल येत असेल तर कॉक बंद करून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. कार्बुरेटरचे जेट तुंबले असेल. जेट काढून सायकलच्या पंपाने हवा मारा. त्यात तार घालू नका. भोक मोठे झाले तर पेट्रोल जास्त जाते.

प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, पण पेटत नाही. प्लग पुसा, वाळवा. काळी काजळी असेल तर खरवडून काढा. टोकाची फट साधारण अर्धा मिलिमीटर असावी. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते.

आता ठिणगी पाहा. सांडलेले पेट्रोल पुसा आणि वाफ जाऊ द्या. प्लग त्याच्या टोपीत बसवा. टोपीचे रबर धरून प्लगचे लोखंड इंजिनाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. मग पेडल मारा. निळी ठिणगी दिसली तर ठीक. दिसली नाही तर नवा प्लग लावून पाहा. तरीही नसेल तर दोष आतला आहे. तो मिस्त्रीचे काम.

वारा आणि धूर

धुळीच्या रस्त्यावर हवेचा फिल्टर लवकर तुंबतो. मग वारा कमी पडतो, गाडी काळा धूर सोडते आणि दम टाकते. फिल्टर वरचेवर साफ करा. चोक फक्त थंड गाडीला द्यावा. गाडी तापल्यावर तो तसाच राहिला तर ती बंद पडते.

चुलीचे धुराडे बुजले तर चूल पेटत नाही. तसे सायलेन्सरमध्ये काजळी साचली तर गाडी ओढत नाही. जुन्या लुनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. ऑइल जास्त झाले तर काजळी वाढते. ऑइल विसरले तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च मोठा असतो. पुस्तकात दिले आहे तेवढेच मापून घाला.

2020 नंतरच्या नव्या मोपेडमध्ये बहुधा कार्बुरेटर नसतो. तिथे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक यंत्राने जाते. ते घरी उघडू नका. पेट्रोल, प्लग आणि फिल्टर एवढेच पाहा.

लक्षात ठेवा

1. आधी पेट्रोल, मग प्लग, मग फिल्टर पाहा.
2. एका वेळी एकच गोष्ट उघडा.
3. गाडीत एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि कोरडे फडके ठेवा.
4. मिस्त्रीकडे जावे लागले तर काय पाहिले आणि काय दिसले, ते त्याला सांगा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही वाचतील.