मनाच्या आरोग्याचे ॲप आणि वापरणाऱ्याचा शब्द

मनाच्या दुखण्यावर मोबाइलमधून मदत मिळते, हे ऐकून अजूनही पुष्कळांना हसू येते. परंतु ही गोष्ट आता आपल्या उंबरठ्यापर्यंत आली आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक लावला की अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. पुढे १० ऑक्टोबर २०२४ रोजी तिचे ॲपही निघाले. खासगी कंपन्यांची ॲपे तर कितीतरी आहेत. कोणी झोपेची नोंद ठेवते, कोणी श्वासाचे व्यायाम शिकवते, कोणी रोज "आज कसे वाटते?" असे विचारते. लोक ती उत्साहाने उतरवून घेतात आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत उघडेनासे होतात. असे का होते, हे वापरणाऱ्याकडूनच समजून घेऊन ॲप सुधारण्याच्या विद्येला वापरकर्ता-संशोधन म्हणतात. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

नाव भारदस्त असले तरी कामगार संघटनेत वाढलेल्यांना ही विद्या अगदीच परकी नाही. मागणीपत्र कचेरीत बसून लिहिता येत नाही. शेंदूरजनाघाटात संत्र्याचा तोडा करणाऱ्या किंवा भरलेले क्रेट वाहणाऱ्या माणसाला मुकादमासमोर विचारा, "काही त्रास आहे काय?" उत्तर येईल, "काही नाही, साहेब." तोच माणूस संध्याकाळी चहाच्या टपरीवर पाठीचे दुखणे, घेतलेली उचल आणि रात्री न येणारी झोप, सगळे सांगतो. कोण विचारतो, कोठे विचारतो आणि कोणाच्या देखत विचारतो, यावर उत्तराचा खरेपणा ठरतो, हे आम्ही इतक्या वर्षांत शिकलो. मनाच्या दुखण्याला तर हा नियम दुपटीने लागू आहे.

या विद्येचे एक मूळ खरोखरच कामगार चळवळीत आहे. कारखान्यांत संगणक येऊ लागले तेव्हा नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टेन न्यूगोर या संगणकशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन, १९७० पासून, कामगाराच्या बाजूने त्याचा अभ्यास केला. १९८१ मध्ये उत्तर युरोपातील छापखाना कामगारांच्या संघटनांनी संशोधकांसह 'युटोपिया' हा प्रकल्प हाती घेतला. यंत्र बनण्याआधी त्याचे पुठ्ठ्याचे व लाकडाचे नमुने कामगारांपुढे मांडून, यावर काम करून दाखवा, असे त्यांना सांगण्यात आले. आज ॲप बनविणारे कागदावर पडदे काढून लोकांना दाखवतात, ती याच वळणाची रीत आहे.

आता आपल्याच जिल्ह्याकडे येऊ. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' हा कार्यक्रम चालविला. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या, शिकवून तयार केलेले समुपदेशक आणि त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ, अशी ती साखळी होती. आधीच्या पाहणीत नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी शेकडा ४.३ जणांनीच उपचार घेतले होते. दीड वर्षाने पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे प्रमाण शेकडा २७.२ झाले होते. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ही वाढ कोणत्या ॲपने झाली नव्हती. गावात जाऊन बोलणाऱ्या माणसांनी ती घडविली. ॲप काढणाऱ्यांनी आधी या माणसांपाशी बसून, लोक दुःख कसे सांगतात, ते ऐकले पाहिजे.

कारण पहिली अडचण शब्दाची असते. नैराश्य मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला काय, अशा अर्थाचा त्यात प्रश्न आहे. संत्र्याच्या गावात 'रस' म्हटले की आधी पेला आठवतो! इकडचा माणूस "जीव लागत नाही", "मनाले घोर लागून रायला" असे म्हणेल, नाहीतर सरळ "टेन्शन" म्हणेल. हे शब्द त्याच्याच तोंडून घ्यावे लागतात. आणि प्रश्नाचे शब्द बदलले की माप बरोबर येते की नाही, हेही पुन्हा तपासावे लागते.

दुसरी गोष्ट, केवळ विचारू नये, पाहावे. माणसाच्या हाती मोबाइल द्यावा, आपण गप्प बसावे आणि बोट कोठे अडते ते टिपावे. याकोब नील्सन या अभ्यासकाने २००० साली मांडले की, पाच जणांकडून तपासले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. परंतु ते पाचही अमरावतीचे कॉलेजकुमार असतील, तर तोड्यावर जाणाऱ्या बाईची अडचण त्यांत कशी दिसणार? तिच्या घरी मोबाइल एकच असेल आणि तो मुलाच्या खिशात असेल. तिने रात्री लिहिलेले मनातले सकाळी घरभर झाले तर? गोव्यात शाळकरी मुलांसाठी 'पॉड ॲडव्हेंचर्स' हा मोबाइलवरील खेळ तयार करताना मुलांनाच घडणीत सामील करून घेतले. तो इंटरनेटवाचून चालेल असा केला आणि समुपदेशकाची साथही ठेवली.

तिसरी गोष्ट, ज्यांनी ॲप सोडून दिले त्यांना गाठावे. सभेला आलेल्यांना विचारून, न आलेले का आले नाहीत, हे कळत नाही.

आणि यात जिवाची जोखीम आहे. त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. मध्यरात्री कोणी त्याला 'होय' म्हटले, तर पडद्यावर सुविचार दाखवून भागणार नाही. त्याच क्षणी जिवंत माणसाचा आवाज मिळाला पाहिजे. संशोधन करणाऱ्यानेही ही सोय केल्याशिवाय असा प्रश्न तोंडातून काढू नये. तसेच, सांगितलेले गुपित मालकाकडे किंवा कर्ज देणाऱ्याकडे जाता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत पाहता यावी, अशी त्यात तरतूद आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे. न समजलेल्या मजकुराखाली अंगठा घेण्याची सावकारी रीत मोबाइलवर चालू देऊ नये.

तेव्हा उद्या कोणी वही घेऊन तुमच्या दारी आला, तर त्याला हाकलू नका. चार प्रश्न मात्र अवश्य करा. माझी माहिती कोठे जाणार? माझा रोज बुडाला तर तो भरून देणार काय? मी सांगितल्यावरून ॲपमध्ये काय बदलले, हे मला येऊन सांगणार काय? आणि माझे मन फारच ढासळले, तर पलीकडे कोण असेल? या चौघांची सरळ उत्तरे जो देईल, त्याला बसायला घोंगडी टाका आणि मनातले खरे सांगा.