तुसापासून वीज

गिरणीत भात भरडले की तांदूळ एका बाजूला पडतो आणि तूस दुसऱ्या बाजूला. शंभर किलो भातामागे सुमारे वीस किलो तूस निघतो. गुरे तो आवडीने खात नाहीत. शेतात टाकावा तर लवकर कुजत नाही. भंडारा-गोंदियाकडे किंवा कोकणात गिरणीमागे त्याचे ढीग आपण पाहतो. या तुसापासून वीज होते. ती कशी, ते आम्ही आज सांगणार आहोत.

बिहारात पश्चिम चंपारण जिल्हा आहे. १९१७ साली निळीच्या शेतकऱ्यांसाठी गांधीजी गेले, तोच हा चंपारणचा मुलूख. तेथील तमकुहा गावात २००७ साली वीज नव्हती. घरोघर रॉकेलचे दिवे जळत. त्या वर्षी ज्ञानेश पांडे या बिहारी इंजिनियरने आणि त्याच्या सोबत्यांनी तेथे तुसावर चालणारे वीजयंत्र सुरू केले. बांबूचे खांब रोवून तारा ओढल्या आणि घरात दिवे लागले.

आता यंत्र कसे चालते ते पाहू. बंबासारखे एक उभे लोखंडी भांडे असते. त्यात वरून तूस टाकतात. आत विस्तव असतो, पण हवा बेतानेच सोडतात. हवा भरपूर मिळाली तर तूस जळून राख होईल. हवा कमी पडली की तो धुमसतो आणि त्यातून जळणारा वायू निघतो. कोळसा पाडणारे लोक भट्टी मातीने लिंपून हवा कोंडतात ना? तसेच हे. तो वायू थंड करतात, गाळून साफ करतात आणि इंजिनात सोडतात. इंजिन जनित्र फिरवते आणि वीज तयार होते. एका युनिटला साधारण दीड ते दोन किलो तूस लागतो.

कोणी म्हणेल, "रॉकेल जाळा की तूस जाळा, धूर तो धूरच!" तसे नाही. भाताने वाढताना हवेतून जो कार्बन घेतला, तोच तूस जाळल्यावर हवेत परत जातो. रॉकेल मात्र जमिनीच्या पोटातला जुना कार्बन वर आणते. पण तूस संपला म्हणून झाडे तोडून भांड्यात घातली, तर हा हिशेब फसला म्हणून समजा.

यंत्राचे धोकेही आहेत. या वायूत कार्बन मोनॉक्साइड नावाचे विष असते. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. म्हणून यंत्राची खोली उघडी, वारा खेळणारी हवी. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपू नये, तेही याच कारणाने.

दुसरा धोका पाण्याचा. वायू पाण्याने धुतला तर त्यात डांबरासारखा चिकट मळ उतरतो. ते पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडले तर गावाचे पिण्याचे पाणी नासेल.

तिसरा राखेचा. तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. ती उडून छातीत गेली तर अपाय करते. झाकून ठेवली तर सिमेंटात मिसळता येते. बिहारात या यंत्रांतल्या काळ्या कोळशापासून बायकांनी उदबत्त्या वळल्या व चार पैसे मिळवले.

आणखी एक गोष्ट. फुकटच्या तुसाला मागणी आली की भाव येतो. चुलीत तूस जाळणाऱ्या गरिबाला मग तो विकत घ्यावा लागतो.

पुढे सौर वीज स्वस्त झाली, सरकारी ताराही खेड्यांत पोचल्या. तेव्हा त्याच कंपनीने तुसाला उन्हाची जोड दिली.

आपल्या गावात असे यंत्र येणार असेल, तर ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. तूस बारा महिने पुरेल का? धुण्याचे पाणी कोठे जाईल? राख कोण उचलील? एका युनिटला किती पैसे पडतील? उत्तरे कागदावर लिहून मागा. तो कागद स्वतः वाचा आणि मगच सही करा.