गाडी सुरू होईना: इमोबिलायझरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह असलेला लहानसा दिवा लुकलुकतो आहे, एवढे दिसले की आजूबाजूचे लोक निदान करून मोकळे होतात: इमोबिलायझर गेला. मग कुणी बॅटरीची वायर काढायला सांगतो, कुणी धक्का मारायला, तर कुणी ही ‘कटकट’ कायमची काढून टाकायला. यातल्या बहुतेक सल्ल्यांनी गाडी सुरू होत नाही आणि खर्च मात्र वाढतो. म्हणून या यंत्रणेचे काम आधी नीट समजून घ्यावे.

चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते, तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवली की वेटोळ्यातून साधारण 125 किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख कळवते. ओळख पटली तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंधन सोडतो आणि पेट्रोल गाडीत ठिणगीही देतो. पटली नाही तर देत नाही. हे सारे क्षणार्धात उरकते. इमोबिलायझरचे काम एवढेच आहे, आणि त्याच्यावर येणारे बरेचसे आळ या कामाच्या बाहेरचे आहेत.

गैरसमज 1: दिवा लुकलुकतो आहे, म्हणजे इमोबिलायझर बिघडला आहे.

दिवा कधी लुकलुकतो, यावर सगळे अवलंबून आहे. गाडी बंद करून चावी काढल्यावर अनेक गाड्यांत तो सावकाश, ठरावीक अंतराने लुकलुकत राहतो. ही बिघाडाची खूण नाही. यंत्रणा पहाऱ्यावर आहे, हे ती मालकाला आणि काचेतून डोकावणाऱ्या चोरालाही सांगते. इग्निशन चालू केल्यावर हा दिवा सामान्यतः काही सेकंद लागून विझतो. तसा न विझता तो लागून राहिला किंवा भराभर लुकलुकू लागला, तर चावी ओळखली गेली नाही असे समजावे. दिव्याची भाषा कंपनीगणिक थोडी बदलते, त्यामुळे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतले ते एक पान आधीच वाचून ठेवावे. एरवी या दिव्याकडे कुणी पाहत नाही. गाडी अडली की नजर तिकडे जाते आणि रोजचाच लुकलुकाट नवा वाटू लागतो. गैरसमजाचे मूळ यात आहे.

गैरसमज 2: सेल्फ फिरत नाही, म्हणजे इमोबिलायझरने गाडी अडवली.

निदान करण्याआधी गाडीचा आवाज ऐकावा. चावी फिरवल्यावर नुसते टकटक वाजत असेल, सेल्फ जड फिरत असेल किंवा डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज 12.6च्या आसपास असतो. तो 12पर्यंत आला म्हणजे बॅटरी जवळपास रिकामी झाली. सेल्फ फिरताना व्होल्टेज 9.6च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी इमोबिलायझरचा विचार जरूर करावा. मात्र इंधन पंप आणि क्रँकशाफ्टचा सेन्सर हेही त्याच रांगेतले संशयित आहेत. इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते आणि दर वेळी तसेच होते, तर ती अनेक गाड्यांत इमोबिलायझरने नकार दिल्याची ठळक खूण असते.

काही कंपन्यांच्या गाड्यांत इमोबिलायझर सेल्फही अडवतो, हे खरे. म्हणून या गैरसमजात तथ्याचा अंश आहे. शिवाय व्होल्टेज फार घसरला की ईसीयू आणि चावी वाचणारे यंत्र यांच्यातला संवादच तुटतो आणि इमोबिलायझरचा दिवा लागतो. मूळ दोष बॅटरीचा असतो, पण डोळ्यांना दिवा दिसतो. बटन दाबून सुरू होणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी. क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही. पेडलखालचा स्विच खराब झाला तरी परिणाम तोच होतो, आणि त्याचा इमोबिलायझरशी काही संबंध नसतो.

गैरसमज 3: चावीतला सेल संपला की गाडी सुरूच होणार नाही.

एकाच मुठीत दोन वेगळ्या यंत्रणा असल्यामुळे हा गोंधळ होतो. दरवाजे उघडणारा रिमोट बटन सेलवर चालतो आणि भारतातल्या बहुतेक गाड्यांत 433 मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतो. इमोबिलायझरच्या चिपला सेल लागतच नाही, तिला वेटोळ्यातून वीज मिळते. त्यामुळे सेल संपला तर दरवाजा चावीने उघडावा लागेल, पण इंजिन सुरू व्हायला हवे. उलटही तितकेच खरे आहे: रिमोट उत्तम चालतो म्हणून चिपही ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. खिशात ठेवायच्या स्मार्ट चावीला सेल लागतो, पण तिथेही पर्यायी वाट दिलेली असते. चावी स्टार्ट बटनाला टेकवून किंवा नेमून दिलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू करता येते. ती जागा कुठे आहे, हे पुस्तिकेत दिलेले असते.

गैरसमज 4: बॅटरीची वायर काढून थोड्या वेळाने लावली की इमोबिलायझर ‘रीसेट’ होतो.

फोन किंवा संगणक बंद करून सुरू केला की अनेक तक्रारी मिटतात, म्हणून हा उपाय पटतो. पण चावी आणि गाडी यांची जोडी अशा स्मृतीत नोंदलेली असते, जी वीज गेल्यावरही पुसली जात नाही. तसे नसते तर चोरानेही फक्त बॅटरीची वायर काढली असती. तरीही या उपायाने गाडी सुरू झाल्याचे लोक सांगतात आणि ते खोटे बोलत नसतात. वायर काढून पुन्हा लावताना सैल टर्मिनल घट्ट बसते, त्यावरची पांढरी बुरशी खरवडली जाते, आणि खरा दोष नकळत दूर होतो. श्रेय मात्र ‘रीसेट’ला मिळते.

इग्निशन दहा मिनिटे चालू ठेवण्याचा सल्लाही असाच पसरला. जनरल मोटर्सच्या काही अमेरिकी गाड्यांत दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या करून यंत्रणेला ओळख नव्याने शिकवण्याची सोय खरोखर होती. ती सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. बॅटरी आधीच अशक्त असेल, तर इतका वेळ इग्निशन चालू ठेवल्याने ती आणखी उतरते.

गैरसमज 5: धक्का मारला की कुठलीही गाडी सुरू होते.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांनी ही खात्री पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे. त्या गाड्यांत इंजिन फिरले की पेट्रोल आपोआप ओढले जाई. धक्क्याने सेल्फचे काम होते, ईसीयूच्या परवानगीचे नाही. चावी ओळखली गेली नसेल तर इंजेक्टर इंधन सोडणार नाहीत, मग गाडी उतारावरून कितीही पळवली तरी उपयोग नाही. बॅटरी उतरलेल्या मॅन्युअल गिअरच्या गाडीला धक्क्याचा फायदा होऊ शकतो, पण ईसीयू जागा राहील एवढी वीज बॅटरीत उरलेली असेल तरच. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारूच नये. रस्त्यावर माणसे जमवून वाहतुकीत गाडी ढकलण्यापेक्षा जम्पर केबल लावणे अधिक सुरक्षित आहे आणि निदानही त्यातूनच होते. जम्पर लावताच गाडी सुरू झाली, तर इमोबिलायझर निर्दोष ठरतो.

गैरसमज 6: चावीवाल्याकडून हुबेहूब चावी कापून घेतली की काम झाले.

कापलेली पट्टी कुलूप फिरवते, स्टिअरिंग मोकळे करते आणि सेल्फही फिरवू शकते, त्यामुळे चावी ‘लागली’ असे वाटते. पण चिप नसेल, किंवा असूनही गाडीत नोंदलेली नसेल, तर इंजिन सुरू राहत नाही. 1986च्या शेव्हरोले कॉर्वेटच्या चावीत चिपऐवजी एक साधा रेझिस्टर होता आणि त्याची फक्त 15 मूल्ये होती. नेमके मूल्य शोधणे अवघड नव्हते. पुढच्या चिपांमध्ये गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारते आणि चिपला गुप्त गणिताने उत्तर द्यावे लागते. अशी चावी गाडीला जोडण्यासाठी योग्य उपकरण आणि त्या गाडीचा सुरक्षा संकेतांक लागतो. काही चावीवाले हे काम नीट करतात. नुसती पट्टी कापून देणारा ते करू शकत नाही.

चावीचे तुटके कव्हर बदलतानाही हीच चूक होते. अनेक चाव्यांत चिप रिमोटच्या पट्टीपासून वेगळी, कव्हरच्या कोपऱ्यात बसवलेली असते. जुने कव्हर कचऱ्यात जाते आणि त्याच्यासोबत ती शेंगदाण्यापेक्षा लहान चिपही जाते. कव्हर बदलल्यानंतर लगेच गाडी सुरू होईनाशी झाली, तर आधी जुने कव्हर शोधावे.

गैरसमज 7: इमोबिलायझर धावत्या गाडीचे इंजिन बंद पाडू शकतो.

कंपनीने बसवलेला इमोबिलायझर चावीची ओळख गाडी सुरू करताना तपासतो. एकदा इंजिन सुरू झाले की त्याचे काम संपते. ही भीती बाजारात मिळणाऱ्या जीपीएस ट्रॅकरमुळे पसरली आहे. त्यांतल्या काहींत दुरून आदेश देऊन इंजिन बंद पाडणारी रिले जोडलेली असते. अशी रिले बसवताना मूळ वायरिंग कापून जोडलेले सांधे पुढे सैल पडतात आणि गाडी अधूनमधून बंद पडते. गाडी जुनी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने असे काही बसवले होते का, हे जरूर तपासून घ्यावे. धावताना बंद पडणाऱ्या गाडीत इंधन, सेन्सर आणि वायरिंग आधी पाहावे.

गैरसमज 8: दिवा रात्रंदिवस लुकलुकतो, म्हणूनच बॅटरी उतरते.

हिशेब साधा आहे. थांबून थांबून लुकलुकणाऱ्या एलईडीला सरासरी 2 मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर 35 अँपिअर-तासांची बॅटरी केवळ त्या दिव्याने रिकामी व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागतील. उभ्या गाडीत घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर आणि ईसीयू मिळून 50 मिलिअँपिअर घेत असतील, तर तीच बॅटरी महिन्याभरात संपेल, आणि सेल्फ फिरवण्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाईल. बाहेरून जोडलेला स्टिरिओ किंवा डॅशकॅम असेल तर आणखी लवकर. सुट्टीवरून परतल्यावर गाडी मरगळलेली आढळते आणि समोर एकच दिवा लुकलुकताना दिसतो, म्हणून दोष त्याला चिकटतो.

गैरसमज 9: चोर नाहीतरी ही यंत्रणा तोडतातच, मग काढूनच टाकलेली बरी.

यंत्रणा अभेद्य नाही, हे मान्य करायला हवे. 2005 मध्ये अमेरिकी संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचे गुप्तगणित उलगडले, आणि पुढे हिटॅग 2 व मेगामॉस या चिपांतल्या त्रुटीही उघड झाल्या. स्मार्ट चावीचा संदेश दूरवर पोहोचवून गाडी पळवण्याची युक्तीही चोरांना अवगत आहे. पण पहारा अभेद्य नाही म्हणजे तो निरुपयोगी आहे असे ठरत नाही. युरोपीय संघाने 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला आणि त्यानंतर तिथे वाहनचोरी लक्षणीय घटली. अमेरिकेत उलटा अनुभव आला. 2015 सालच्या ह्युंदाई आणि किया मॉडेलांपैकी फक्त 26 टक्क्यांत इमोबिलायझर मूळ रचनेत होता, इतर कंपन्यांच्या बाबतीत हे प्रमाण 96 टक्के होते. पुढे या गाड्या पळवण्याची पद्धत समाजमाध्यमांवर पसरली आणि किशोरवयीन मुलेही त्या पळवू लागली. जी यंत्रणा नसल्याने एवढा अनर्थ झाला, ती आपल्या गाडीतून पैसे देऊन काढून टाकण्यात शहाणपण नाही. भारतात चोरीच्या दाव्याच्या वेळी विमा कंपन्या गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागतात, हेही लक्षात ठेवावे.

गाडी अडली तर क्रम असा ठेवावा. टर्मिनल आणि बॅटरी पाहावी. चावी जुडग्यातून सोडवून एकटी लावून पाहावी, कारण जवळची दुसरी चिप किंवा जाड धातू अडथळा आणू शकतो. मग घरातली दुसरी चावी वापरावी. ती चालली तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चालल्या नाहीत तर स्कॅनर लावून घ्यावा. ईसीयूने पी 0513 हा संकेत नोंदवला असेल, तर चावी नाकारली गेल्याचे लेखी प्रमाण मिळते. स्कॅनर न लावता कुणी ईसीयू बदलायला सांगत असेल, तर त्याला ठामपणे नकार द्यावा. दुसरी चावी आणि चावीच्या क्रमांकाची पट्टी आजच शोधून घरात सुरक्षित ठेवावी. दुसरी चावी हाताशी असेल, तर निम्मे निदान घरीच होते.