गाळण-जाळी
गाळण-जाळी : द्रवातील घन कण वेगळे करणारी तारांची जाळी. तिची कार्यक्षमता फटीच्या रुंदीप्रमाणेच तारेच्या छेदाच्या आकारावरही अवलंबून असते. गोल तारांमधील फट मध्याशी सर्वांत अरुंद असते. वक्र पृष्ठांवरून घसरत आलेला कण तेथे घट्ट रुतून बसतो व जाळी तुंबते. पाचरी तारेचा छेद त्रिकोणी असून तिची रुंद बाजू द्रवाकडे ठेवतात. त्यामुळे फट खाली रुंदावत जाते आणि काठ ओलांडलेला कण सहज निघून जातो. मात्र रुंद तारेमुळे मोकळे क्षेत्र घटते : तार २ मिमी. व फट १ मिमी. असल्यास ते सु. ३३% राहते.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी–मावळ भागातील उसाचे गाळप कासारसाई–दारुंब्रे येथील संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यात होते. साखर कारखान्यांत रसातील चिपाडाचा भुसा पाचरी तारांच्या वक्र वा फिरत्या जाळ्यांवर वेगळा करतात. जाळी तुंबून रस साचल्यास सूक्ष्मजंतूंमुळे त्यातील साखरेचे विघटन होते व उतारा घटतो. तारांच्या कडा झिजून गोलसर झाल्यास गाळण मंदावते. म्हणून वक्र जाळीचे वरचे टोक वेळोवेळी खाली करून ती पुन्हा बसवितात.