सात ते अकरा

मे २०२१. शिरड शहापूरहून वसमतला ड्युटीला जाणारी ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, एक सिस्टर धरू. नाव नको, तेव्हा अशा गावोगाव होत्या.

पहाटे ५. सासूबाई उठायच्या आत आंघोळ, भाकरी, डबा. ती महिनाभर पुढच्या खोलीत वेगळी झोपते. लेक उंबऱ्यातूनच विचारतो, "आई, आज लवकर येशील?" "बघू रे."

६.३०. एसटीचा भरवसा नाही, नवरा गाडीवर सोडतो. गावातलं मल्लिनाथाचं मंदिर बंद, औंढ्याचा नागनाथही कुलपात. २० एप्रिलपासून किराणा फक्त ७ ते ११ उघडा. नवरा परत पोचेपर्यंत दुकानापुढे ही रांग. आरोग्यसेवकांसाठीच्या थाळ्या मार्च २०२०मध्येच वाजवून झाल्या. त्याऐवजी कुणी गाडीची आणि घरच्या तेल-साखरेची सोय लावली असती, तर सिस्टरचं निम्मं ओझं उतरलं असतं.

७.३०. शेवटचं पाणी. पीपीई किट चढवलं की बाथरूमला जाता येत नाही, म्हणून मराठवाड्याच्या मे महिन्यात मुद्दाम तहानलेलं राहायचं.

८. कोरोना पॉझिटिव्ह बाईचं सिझर. हर्निया पुढे ढकलता येतो, बाळंतपण नाही. हातमोज्यांच्या दोन जोड्या, मनगटाला चिकटपट्टी, छातीवर स्केचपेननं नाव. आत सगळे सारखेच दिसतात. घशात नळी घालताना तुषार उडतात, म्हणून भूलतज्ज्ञ स्पायनलच देतात. एसी बंद. एन-९५मधून सरांचं बोलणं कळत नाही. पुढे आलेल्या हाताच्या ठेवणीवरून ओळखायचं, कात्री की आर्टरी फोर्सेप्स. बाळ रडलं, सगळ्यांना बरं वाटलं. पोट बंद करण्याआधी रक्त टिपायचे मॉप मोजले तर एक कमी. गॉगलवर वाफ, घाम डोळ्यांत उतरतोय, पुसायला हात नाही. बादलीतले पुन्हा एकेक सोडवले. दोन मॉप रक्तानं चिकटले होते. हिशेब जुळला.

१०.३०. किट काढायचं. खरा धोका घालताना नाही, काढताना असतो. दमलेला माणूस घाई करतो. मावशी समोर उभी राहते. "सिस्टर, आधी वरचे मोजे. हळू. आता हात धुवा." मास्क सगळ्यात शेवटी. मनोधैर्याच्या भाषणांपेक्षा मला ही मावशी मोलाची वाटते.

१२. मे २०२०मध्ये 'लॅन्सेट'नं छापलेला आकडा सर अजून सांगतात: शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोना झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के महिनाभरात दगावले. सत्तरीपुढच्यांना धोका जास्त, हे ठाऊक असूनही वॉर्डात फोन करून बाळंतिणीचा ऑक्सिजन विचारल्याशिवाय सिस्टर डबा उघडत नाही. "९६ आहे, जेवा."

२. सुट्टीची वेळ. जोडीची सिस्टर क्वारंटाइनमध्ये. सोडवायला कोण येणार? ऑटोक्लेव्ह लावायचा, ड्रम भरायचे.

६. परसातल्या न्हाणीत आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. नाकावरचा वळ अजून गेलेला नाही. ओट्याखालून शेजारचे काका विचारतात, "ताई, माझ्या हर्नियाचं कधी?"

रात्री ९. फोन. "सिस्टर, अपेंडिक्स फुटलंय, याल का?"

"गाडी पाठवताय?"

"पाठवतो."

"मग येते. आणि सर, सकाळी मला सोडवायला कुणीतरी बघून ठेवा."